शेवटची ओळ न खाणारा प्रिंटर

पेंकाकाकू जिन्यात अशा किंचाळल्या की नेवेनाच्या हातातली कचऱ्याची पिशवी सुटली आणि अंड्याची टरफलं पायऱ्यापायऱ्यांवरून खाली गेली.

"देवा रे!" काकूंनी पाठ भिंतीला टेकवली आणि घाईघाईनं छातीवर क्रूसाची खूण केली. "जवळ येऊ नकोस!"

"काकू, मी आहे. नेवेना. वरची."

"तेच तर! तू वर गेलीस ना?"

"हो, मी वरच असते. तिसऱ्या मजल्यावर."

"त्या वर नाही गं बये, त्या वर!" काकूंचं बोट छताच्याही पलीकडे गेलं. दुसऱ्या हातात चार पांढरी कार्नेशनची फुलं होती. "दारावर लावलंय. मी वाचलं. मग फुलं घेऊन आले. आता तू उभी!"

नेवेना खाली धावली. इमारतीच्या दाराच्या काचेवर बाहेरून एक कागद चिकटवलेला होता, गोंद अजून ओला होता. काळी चौकट, वर क्रूस, मध्ये फोटो. फोटो तिचाच. पासपोर्टवरचा, ओठ आवळलेला.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते एवढंच, की फोटो काळवंडला नाही, चेहरा छान उठलाय आणि चारही बाजूंचा समास सारखा आहे. तीस वर्षं निधन-पत्रकं जुळवणाऱ्या बाईचे डोळे दुसरं काय बघणार? मग तिनं मजकूर वाचला. दुःखद निधन, नेवेना दोब्रेवा, वय अठ्ठावन्न. शोकाकुल आई. आणि अगदी तळाशी, पूर्णच्या पूर्ण ओळ: भाऊ स्तोयान, वहिनी इरिना आणि मुलं.

ती पायरीवर बसली.

"आई," ती म्हणाली. "आईला हे कळलं तर?"

आमच्या या नदीकाठच्या रुसे गावात माणूस गेला की त्याचं पत्रक त्याच्या दारावर, कामाच्या ठिकाणी आणि शोक करणाऱ्या प्रत्येकाच्या गल्लीत लागतं. आणि नेवेनाची शहाऐंशी वर्षांची आई स्तोयानकडे राहत होती. जुन्या घरात, वेर्बा गल्लीत. त्या घराचा उंबरा नेवेनानं अकरा वर्षांत ओलांडला नव्हता. आईचं हृदय दोनदा दगा देऊन चुकलं होतं. तिसऱ्यांदा दगा द्यायला एवढा कागद पुरे होता.

पेंकाकाकू हळूहळू खाली आल्या. त्यांनी एक बोट नेवेनाच्या खांद्याला लावून पाहिलं. मग फुलांकडे पाहिलं, तोंडात पुटपुटत मोजली, एक फूल काढून स्वतःच्या कोटाच्या खिशात खोचलं आणि उरलेली तीन तिच्या हातात कोंबली. मेलेल्याला सम फुलं, जित्याला विषम.

"घे. जिवंतच आहेस तर जिवंतासारखी घे," त्या म्हणाल्या आणि हमसून हमसून रडू लागल्या.

नेवेनानं जागेवरूनच वेर्बा गल्लीतल्या घरी फोन लावला. तो नंबर तिला पाठ होता, लहानपणापासून तोच. पण पलीकडे घंटीसुद्धा वाजेना. नुसती शांतता.

झालं होतं ते असं.

नगरपालिकेमागच्या एका लांबट खोलीत चार टेबलं होती. दाराशी रोझा परदेशी बसची तिकिटं विकायची, तिच्यापलीकडे कागदपत्रांचं शपथेवर भाषांतर करणारे एक म्हातारे गृहस्थ, मग एक वकीलबाई, आणि खिडकीपाशी नेवेना. भाडं चौघांत, कॉफी चौघांत आणि प्रिंटरही चौघांत एकच. दिवसभर त्या खोलीत माणसांची रीघ. सोमवारी तो प्रिंटर खोकत खोकत वारला. रोझाच्या काउंटरसमोर स्पेनला निघालेली अकरा माणसं तिकिटावाचून उभी होती तेव्हाच.

नवा घ्यायचा तर स्वस्तातला हवा, पण रोज तीन-चारशे कागद ओढणारा हवा. चौघांची चार तोंडं चार दिशांना. म्हणून गुरुवारी नदीपलीकडून, पुलावरून, सोरिन आला. हा रोमानियाचा पोरगेला विक्रेता, बोलायला गोड, आणि आमची भाषा मोडून तोडून बोलणारा. त्यानं दोन यंत्रं वापरून बघायला म्हणून आणली होती. एक लहानसं, पांढरं, गोजिरवाणं, किमतीला अगदी हलकं. दुसरं कुठल्याशा बंद पडलेल्या बँकेतलं जुनं.

"हा प्रिंटर आणलास की कपाट?" रोझानं विचारलं.

"मोठी आहे, पण शाई थोडा पिते," सोरिन म्हणाला. "लहान आहे ती खूप पिते. आज स्वस्त, उद्या रडतो."

अक्षरजुळणीचे प्रोग्रामही दोन होते. एक नावाजलेला, पण दरवर्षी त्याचं भाडं भरा. दुसरा फुकट.

"फुकट ते पौष्टिक," रोझानं निकाल देऊन टाकला.

"थांब गं," नेवेना म्हणाली. "सोरिन, माझा एकच प्रश्न आहे. हा शेवटची ओळ खातो का?"

सोरिनला कळेना. बाकीच्या तिघांनी मात्र माना खाली घातल्या. त्यांना माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा पत्रक नेवेनानंच जुळवलं होतं. डोळे सुजलेले, तरी म्हणाली, माझ्या बापाचं दुसऱ्या कोणी जुळवायचं नाही. पानावर गर्दी झाली. भावाची ओळ सगळ्यांत लांब, म्हणून तिनं ती तळाशी घेतली. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. पण जुना प्रिंटर कागदाच्या तळाची बोटभर जागा सोडून द्यायचा, आणि तेवढ्यात जे असेल ते गिळायचा. साठच्या साठ कागद शोकाकुल पत्नी आणि मुलगी यांच्यावरच संपले. ते गावभर लागले आणि मगच कळलं. एकुलत्या एका मुलाचं नाव बापाच्या निधनात नाही!

"तू मला बाबांच्या मरणातून पुसून टाकलंस," स्तोयान कबरीपाशीच म्हणाला होता, सगळ्यांच्या देखत.

"दादा, यंत्रानं खाल्लं रे."

"यंत्राला बरं माझंच नाव गोड लागलं!"

मरणानंतर चाळिसाव्या दिवशी लागतं त्या स्मरण-पत्रकावर तिनं त्याचं नाव सगळ्यांत वर, ठळक घातलं. ते त्यानं फाटकावरून ओरबाडून काढलं. मग तीही हट्टाला पेटली. मी खोटारडी काय, म्हणाली, तर राहा तसेच. आणि राहिले की दोघं, एका गावात, अकरा वर्षं! आई दर शनिवारी इरिनाचा हात धरून बाजारात यायची, तिथं दोघी बाकावर अर्धा तास बसायच्या. त्या अर्ध्या तासात स्तोयानचं नाव कोणी काढत नसे.

म्हणून गुरुवारी तिनं चाचणीसाठी पूर्ण भरलेलं पत्रक जुळवायचं ठरवलं. गिऱ्हाइकाच्या मेलेल्या माणसाचं घेईना. मेलेल्याची चेष्टा नको, म्हणाली. स्वतःचंच नाव घातलं, स्वतःचा फोटो घातला.

"थू थू थू!" रोझानं खाली थुंकल्यासारखं केलं. "अगं, वेड लागलं का तुला? तोंडानं बोलवू नये असलं!"

"अर्ध्या गावाचं मीच छापलंय. मरण माझ्या ओळखीचं आहे," नेवेना हसून म्हणाली.

आणि शेवटच्या ओळीत? ती क्षणभर थांबली. मग तिची बोटं आपोआपच चालली. फुकटच्या प्रोग्रामात एक सोय होती, पत्रकाबरोबर ते कुठे कुठे लावायचं त्या पत्त्यांची चिठ्ठीही तो छापून द्यायचा. तीही तिनं भरून पाहिली. तिचं घर, कचेरी, वेर्बा गल्ली. वेग बघायला चाळीस प्रती सोडल्या. कपाटानं चाळीसही न अडखळता काढल्या, आणि चाळिसांवर स्तोयानची ओळ अखंड होती. नेवेनानं एक कागद उजेडात धरला आणि कितीतरी वेळ ती ओळ पाहत बसली.

तेवढ्यात फोन वाजला, एक म्हातारी बहिणीच्या पत्रकाचा मजकूर सांगू लागली. सोरिननं गठ्ठा उचलून खुणेनं विचारलं, "हा कागद टाकून द्यायची?"

नेवेनानं कानाला फोन लावूनच मान हलवली. आडवी, या खांद्याकडून त्या खांद्याकडे. आमच्याकडे आडवी मान म्हणजे हो, आणि वरखाली मान म्हणजे नाही. नदी ओलांडली की नेमकं उलटं. सोरिन समजला, नको, टाकू नको. शहाण्या मुलासारखा त्यानं गठ्ठा नीट जुळवला, वर पत्त्यांची चिठ्ठी ठेवली आणि पत्रकं चिकटवणारा गांचो रोज पहाटे ज्या तबकातून ती उचलतो त्या तबकात ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी, वेर्बा गल्लीतही कागद लागलाय का ते विचारायला, नेवेना धापा टाकत कचेरीत शिरली तेव्हा रोझाचं काजळ गालांपर्यंत ओघळलेलं होतं, काल तोंडानं बोलावलं ते रात्री खरंच आलं असं ती धरून बसली होती, आणि भाषांतरकार गृहस्थ चक्क काळा टाय लावून तिच्या रिकाम्या टेबलावर मेणबत्ती पेटवत होते.

"विझवा ती!" नेवेना ओरडली.

रोझानं आ वासला तो मिटेना. म्हाताऱ्या गृहस्थांनी काडी हातात तशीच धरली, बोट भाजेपर्यंत. कोणतं यंत्र ठेवणार ते विचारायला आलेला सोरिन कोपऱ्यात पांढराफटक पडला होता. हिशोब आता त्याच्या ध्यानात आला असावा.

"तू मान नाही म्हटली!" तो म्हणाला. "मी पाहिली! नाही म्हटली!"

"हो म्हटली रे गाढवा! आमची ती हो असते!"

दाराशी गांचो उभा होता, हातात गोंदाची बादली. तिच्याकडे पाहून त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं.

"बाई! जित्या आहात!"

"गांचो, बारा वर्षं रोज माझं तोंड पाहतोस. फोटो नाही पाहिलास?"

"पाहिला की! पहाटे रस्त्यात बसून रडलो, बाई. मग म्हटलं, बाईंचं काम आपल्या हातून वाकडं होता कामा नये. एकूण एक कागद सरळ लावलाय. मोक्याच्या जागा धरल्या. औषधाच्या दुकानावरसुद्धा लावू दिला त्यांनी, तुमच्यासाठी."

"अरे, मग कोणाला विचारायचं नाही?"

"तुम्हीच सांगता ना बाई, छापलंय ते लाव, प्रश्न विचारू नको. तुमच्या छापल्यात कधी चूक निघालीय का?"

एकदाच निघाली होती, बाबांच्या पत्रकात. नेवेनानं विचारलं, "वेर्बा गल्ली?"

"ती तर सगळ्यांत आधी. तुमच्या दादांच्या फाटकावरच. आईसाहेब रोज सातला पाव आणायला निघतात, त्यांना पहिल्यांदा दिसावं म्हणून."

तिला पुढचं ऐकू आलं नाही. ती पळत सुटली.

ट्रॉलीबसमध्ये ती बसली नाही, दांडा धरून उभीच राहिली. एक बाई तिच्याकडे पाही, मग खिडकीतून खांबावरच्या पत्रकाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. नेवेनाला कशाचंच भान नव्हतं. हातातली फुलंसुद्धा तिला विसरायला झाली होती. नऊ वाजून गेले होते. सातला आईला कळलं असणार. म्हणजे दोन तास झाले. फोन बंद. आई पडली असेल, कोणी उचलली असेल. माझ्याच कागदानं, माझ्याच हातानं जुळवलेल्या कागदानं मी आईला मारलं, हाच विचार डोक्यात घण घालत होता.

वेर्बा गल्लीच्या तोंडाशी ती उतरली. पहिल्या खांबावर कागद नव्हता. नुसता गोंदाचा ओला ठसा आणि काळ्या चौकटीचा एक फाटका कोपरा. दुसऱ्या खांबावर तसंच. पाववाल्याच्या भिंतीवर, शाळेच्या कुंपणावर, सगळीकडे ओरबाडलेलं.

चाळिसाव्या दिवशीही त्यानं असंच ओरबाडलं होतं. म्हणजे मी मेले तरी याचा राग गेला नाही! शेवटी त्याचं नाव घातलं, तेही याला सोसलं नाही. तिला रडूही येईना. ती तशीच चालत राहिली, कारण आई आत होती.

फाटकाच्या पायरीवर स्तोयान बसला होता. अंगात बाबांच्या दफनाला घातलेला काळा कोट, पायांत घरातल्या सपाता. केस पार पांढरे झाले होते. शेजारची कोणी बाई ताट झाकून घेऊन आली होती आणि तो तिला हात जोडून परत पाठवत होता. "नंतर या. आई झोपलीय. तिला काही बोलू नका, पाया पडतो."

बाई वळली, तिनं नेवेनाला पाहिलं, आणि ताट खाली पडलं.

स्तोयाननं वर पाहिलं. तो उठला नाही. मग त्यानं हात पुढे केला आणि तिच्या कोटाची बाही दोन बोटांत धरली, दुकानात कापड पारखतात तशी.

"नेने?" त्यानं लहानपणीच्या नावानं हाक मारली.

"दादा, आई कुठाय?"

"तू..."

"चाचणीचा कागद होता रे. प्रिंटरची चाचणी. चुकून लागला. आई कुठाय?"

"आत. कॉफी पितेय. तिला माहीत नाही." आणि त्या साठीच्या दांडग्या माणसाला रडू कोसळलं. बाही त्यानं सोडली नाही. "सातला निघालो. ती फाटकाशी थांबली. तिला दिसत नाही नीट, तुला ठाऊकच आहे, रस्त्यातलं प्रत्येक पत्रक मीच वाचून दाखवतो. म्हणाली, आपल्याच फाटकावर कोण आलंय, वाच. मी पाहिलं तर तू. ती आपली म्हणतेय, वाच ना, वाच ना."

"मग?"

"वाचलं. नाव दुसरंच घेतलं, तोंडाला येईल ते. वय वाढवलं. म्हटलं, चुकून इथं लावलंय कोणीतरी. मग तिला आत बसवलं, फोनची वायर उपटली, आणि सगळी गल्ली सोलून काढली. आता कोणी आत येऊन सांत्वन करू नये म्हणून इथं बसलोय. तुझ्याकडे यायचं होतं गं. पण हिला एकटं कसं सोडू? इरिना गावाला. तुझा नंबर माझ्याकडे नाही. दोन तास तू मेलेली होतीस आणि मला कोणाला सांगता येत नव्हतं."

नेवेना त्याच्याशेजारी पायरीवर बसली. पडलेल्या ताटातल्या बनित्सावर, चीज भरलेल्या त्या पापुद्र्यांच्या पोळीवर, चिमण्या येऊ लागल्या होत्या.

"कोण आहे रे बाहेर?" आतून आवाज आला.

उंबरा ओलांडताना नेवेनाचा पाय अडखळला. स्वयंपाकघर तसंच होतं. खिडकीपाशी आई बसली होती, समोर कॉफीचा कप. तिनं पावलं ऐकली आणि मान वळवली.

"मी, आई."

म्हातारीचा हात हवेत चाचपडला. नेवेनाचा चेहरा त्याला सापडला, कपाळ, नाक, ओले गाल.

"इतक्या वर्षांनी आलीस होय या घरात! मेली कुठली!"

दोघं भावंडं जागच्या जागी थिजली. आईला त्याचं काहीच नव्हतं, तिची ती जन्माची शिवी होती. तिनं लेकीच्या हातातली फुलं घेतली, बोटांनी चाचपून मोजली. एक, दोन, तीन.

"तीन," ती म्हणाली. "बरोबर आहेत."

मग तिनं नेवेनाचं मनगट पकडलं आणि कॉफी होईपर्यंत सोडलं नाही. स्तोयाननं पितळी भांड्यात नवी कॉफी ठेवली. दोनदा उतू गेली.

"आज कोणी बाई गेली बघ," आई सांगू लागली. "यानं वाचून दाखवलं. आवाज असा घोगरा झाला होता याचा, मी म्हटलं सर्दी झाली की काय. भाऊ होता तिला एक. शेवटी नाव होतं त्याचं, पूर्ण. यानं ते दोनदा वाचलं. याच्याच नावाचा निघाला, बघ ना."

नेवेनानं भावाकडे पाहिलं. त्यानं पाठ फिरवली आणि उगाचच चुलीशी काहीतरी हलवलं.

तिचा फोन वाजला. रोझा होती. "आहेस ना? आई आहेत ना? बरं, ऐक, हा सोरिन वेड्यासारखा रडतोय, दोन्ही यंत्रं परत नेतो म्हणतोय. काय सांगू त्याला?"

"लहान घेऊन जा म्हणावं. कपाट राहू दे. आणि तो फुकटचा प्रोग्रामपण."

"बाई गं, यानंतरही?"

"शेवटची ओळ खात नाही तो," नेवेना म्हणाली.

आई पलंगावर आडवी झाली तेव्हा स्तोयाननं काळ्या कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. फाटकावरचा. बाकीचे सगळे त्यानं चुलीत घातले होते. हा मात्र कोमट पाण्यानं भिजवून अलगद सोडवलेला होता, एक कोपराही फाटला नव्हता. त्यानं तो मेजावर पसरला आणि तळहातानं सारखा केला. मग बोट तळाच्या ओळीवर ठेवून खाली मान घालून विचारलं, "टाकून देऊ?"

नेवेनानं मान हलवली. वरखाली, एकदाच.

स्तोयाननं कागदाची घडी घातली आणि तो पुन्हा खिशात ठेवला.